बरणीतले सेंट: जुन्या अमेरिकन एक सेंट नाण्यांची किंमत कशी काढायची

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत कपाटाच्या तळाशी लोणच्याची एक रिकामी बरणी हमखास सापडते आणि तिच्यात असतात तांबूस सेंट. वर्षानुवर्षं खिसे रिकामे करताना टाकलेले. पुण्या-नाशकात हेच सेंट स्टीलच्या डब्यात असतात, कुणा मामानं अमेरिकेहून येताना भाचरांना खेळायला आणलेले. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनं चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला आणि तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न: "आता भाव वाढणार ना गं?"

नाही वाढणार, निदान तुमच्या-माझ्या बरणीसाठी तरी नाही. एक सेंट पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता म्हणून काम थांबलं, नाणी कमी पडली म्हणून नव्हे. अमेरिकी सरकारच्याच अंदाजानं आजही सुमारे ३०० अब्ज सेंट लोकांच्या घरात, गल्ल्यात आणि सोफ्याच्या फटीत पडून आहेत. शेवटी ओमेगाची, म्हणजे ग्रीक लिपीतल्या शेवटच्या अक्षराची, खूण घालून जे मोजके सेंट पाडले, ते थेट लिलावात गेले. ते सुट्ट्या पैशांत मिळायचे नाहीत.

तरीही बरणी उपडी करून बघाच. मात्र 'जुनं म्हणजे महाग' हे डोक्यातून काढून टाका. १९१९ साली एकट्या फिलाडेल्फियानं ३९ कोटींहून जास्त सेंट पाडले. त्यातला झिजलेला सेंट शंभरी ओलांडूनही काही सेंटांनाच जातो. त्याच्यापेक्षा ३६ वर्षांनी लहान असलेला १९५५ चा एक चुकलेला सेंट हजार डॉलरच्या पुढे जातो. किती पाडले, त्यातले किती उरले आणि उरलेले किती धड आहेत, या तीन गोष्टींवर किंमत ठरते.

आधी हात आवरा

नाणी घासू नका. पुसू नका. साबणाच्या पाण्यात घालून मग फडक्यानं चोळू नका. हे सगळ्यात आधी सांगते आहे, कारण आपल्याकडे तांबं काळं दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. मीही तेच केलं होतं. १९०९ चा एक सेंट, मागे व्ही.डी.बी. ही अक्षरं असलेला, छान चॉकलेटी रंगाचा. चिंच आणि मीठ लावून देवघरातल्या पंचपात्रीसारखा लख्ख केला आणि मोठ्या दिमाखात नाणेवाल्यापुढे ठेवला. त्यानं भिंगसुद्धा काढलं नाही. नुसतं म्हणाला, "धुतलाय." जे नाणं दहा-बारा डॉलरला गेलं असतं, त्याचे दोन मिळाले.

त्याचं कारण असं. तांब्यावर वर्षानुवर्षं जी काळपट तपकिरी साय धरते, ती नाण्याची मूळ कातडी आहे. आम्ल लावलं की ती जाते आणि खालून भगवट गुलाबी, निर्जीव तांबं वर येतं. जाणकाराच्या नजरेतून ते सुटत नाही आणि ती साय परत आणता येत नाही. नाणं कडेनं धरा, छाप्यावर बोट टेकवू नका, आणि खाली मऊ कापड अंथरा. हातातून निसटतं, हा अनुभव येतोच.

साहित्य थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधं लोहचुंबक आणि सराफाकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. उजेड एका बाजूनं तिरका पडेल असा दिवा घ्या. ट्यूबलाइटखाली सगळी नाणी सारखीच दिसतात.

काट्याच्या बाजूनं ढीग करा

साल वाचत बसू नका, डोळे शिणतात. छापा-काट्यातला काटा वर येईल अशी सगळी नाणी मांडा. मिनिटभरात ढीग पडतात.

दोन बाजूंना गव्हाच्या दोन ओंब्या असतील तर तो 'व्हीट सेंट', १९०९ ते १९५८. खांबांची इमारत, म्हणजे लिंकन मेमोरियल, असेल तर १९५९ ते २००८. ढाल असेल तर २०१० नंतरचा. २००९ साली लिंकनच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून चार वेगवेगळी चित्रं काढली होती, लाकडी झोपडीपासून सुरू होणारी. दिसायला गोड, किंमत एक सेंट. ढाल आणि २००९ हे ढीग चलनातून आलेले असतील तर सरळ बाजूला सारा.

आता छाप्याची बाजू. तारखेच्या खाली बारीक अक्षर आहे का बघा. 'डी' म्हणजे डेन्व्हर, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. (२०१७ या एकाच वर्षी फिलाडेल्फियानं 'पी' उठवला. लोक त्याला दुर्मीळ समजतात, पण तो अब्जावधींच्या संख्येनं पाडला आहे.) पुढच्या सगळ्या हिशेबात साल आणि हे अक्षर एकत्रच वाचायचं.

ओंब्यांचा ढीग

बरणीत काही हाती लागलंच तर ते बहुधा याच ढिगात. बहुतेक ओंबीवाले सेंट नाणेवाला दोन-चार सेंटांना एक या भावानं घेतो, वजनावर घेतल्यासारखे. त्यातून पुढच्या तारखा वेचा.

१९०९-एस, मागे व्ही.डी.बी. असलेला. लिंकनच्या जन्मशताब्दीला, २ ऑगस्ट १९०९ रोजी हा सेंट बाजारात आला. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकारानं काट्याच्या तळाशी आपली आद्याक्षरं कोरली होती. ती फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत ४,८४,००० नाणी पडली होती. आज पार झिजलेलं नाणंही सहाशे-सातशे डॉलरला जातं. तीच अक्षरं असलेला पण 'एस' नसलेला फिलाडेल्फियाचा सेंट पावणेतीन कोटींच्या वर पाडला गेला. तो, वर सांगितला तसा, दहा-बारा डॉलरचा, घासला नसेल तर. 'एस' आहे पण व्ही.डी.बी. नाही असा १९०९ चा सेंटही झिजलेल्या अवस्थेत पन्नासच्या वर जातो.

१९१४-डी, सुमारे १२ लाख. झिजलेला दीडशे डॉलरच्या आसपास. याच्या नकला फार, आणि त्या ओळखायची युक्ती सुरेख आहे. ठग १९४४-डी घेतात आणि पहिल्या ४ ला कोरून १ करतात. पण ब्रेनरची आद्याक्षरं १९१८ साली लिंकनच्या खांद्याच्या कडेला, अगदी बारीक, परत आली. म्हणजे १९१४ च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. खांद्यावर व्ही.डी.बी. दिसलं की नाणं खोटं. शिवाय ९ आणि १ मध्ये नको इतकी मोकळी जागा दिसते.

१९३१-एस फक्त ८,६६,००० पाडला, पण मंदीच्या काळात लोकांनी तेव्हाच जपून ठेवला. त्यामुळे आकडा छोटा असूनही तो मिळतो आणि पन्नास ते शंभर डॉलरमध्ये राहतो. नुसता पाडल्याचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, ते यासाठीच.

आणि १९२२. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरनं पाडले, म्हणजे प्रत्येकावर 'डी' हवाच. काहींवर तो नाही, कारण ठसा झिजला आणि मग तो साफ करताना अक्षरच घासलं गेलं. खरा भाव 'डी' पूर्ण गायब आणि काटा मात्र ठसठशीत, अशा नाण्याला. छाप्याची बाजू मलूल आणि काट्यावर ओंब्यांच्या रेघा स्वच्छ, हे विचित्र मिश्रण हीच त्याची ओळख. तीनशे डॉलरच्या पुढे.

१९४३, म्हणजे सगळ्या फोनचं मूळ

"माझ्याकडे १९४३ चा आहे, लाखो मिळतात ना?" या प्रश्नावर मी आता फक्त विचारते, "रंग कुठला?"

दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून १९४३ चे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले. चंदेरी करडे, चुंबकाला चिकटणारे, वजन २.७ ग्रॅमच्या आसपास. असे एक अब्जाच्या वर पाडले. गंजलेला दहा-वीस सेंटांना, चकचकीत असेल तर थोडा जास्त. पोरांना दाखवायला मजेदार नाणं आहे, एवढंच.

लाखोंची गोष्ट आहे ती तांब्याच्या १९४३ ची. आदल्या वर्षीच्या काही तांब्याच्या चकत्या यंत्रात अडकून राहिल्या आणि पोलादाच्या ढिगाबरोबर छापल्या गेल्या. अशी जेमतेम वीस-पंचवीस नाणी माहीत आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला १९४७ साली जेवणाच्या सुट्ट्या पैशांत असं एक मिळालं. त्यानं ते जन्मभर सांभाळलं आणि २०१९ साली ते २,०४,००० डॉलरला विकलं गेलं. डेन्व्हरचा एकच ठाऊक आहे. तो २०१० साली १७ लाख डॉलरला गेला.

तुमच्याकडे तांबूस १९४३ निघालाच तर तीन चाचण्या ओळीनं करा. चुंबक लावा. चिकटला तर पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेला खेळ आहे, गंमत म्हणून हजारोंनी केलेला. नाही चिकटला तर वजन करा, ३.११ च्या जवळ हवं. तेही जुळलं तर भिंगातून ३ चा आकडा बघा. खऱ्या १९४३ च्या ३ ची शेपटी लांब असते, बाकीच्या आकड्यांच्या ओळीखाली उतरलेली. १९४८ चा ८ अर्धा तासून केलेला ३ असा उतरत नाही. तिन्हींतून पार पडला तर पुढचं काम तज्ज्ञाचं. पण मी आजवर पाहिलेले सगळे पहिल्याच पायरीवर चिकटलेत.

१९४४ चं नेमकं उलटं. तो तांब्याचा असायला हवा, पण उरलेल्या पोलादी चकत्यांवर काही छापले गेले. म्हणून चंदेरी १९४४ चुंबकाला चिकटला तर हसू नका, नीट गुंडाळून ठेवा.

दुहेरी अक्षरं

१९५५ साली फिलाडेल्फियात एक ठसा तयार होताना किंचित फिरला. त्यावर छापलेल्या नाण्यांवर तारीख आणि अक्षरं चक्क दोन-दोनदा आहेत, भिंगाशिवाय दिसतील इतकी. रात्रपाळीत चूक लक्षात आली, पण तोवर ही नाणी इतर नाण्यांत मिसळली होती, म्हणून वीस-चोवीस हजार बाहेर जाऊ दिली. बरीचशी सिगारेटच्या पाकिटांतल्या सुट्ट्या पैशांबरोबर लोकांच्या हाती आली. बरा असेल तर हजार डॉलरच्या पुढे. १९७२ चा असाच दुहेरी छापा दोन-तीनशेपर्यंत जातो. १९६९-एस चे असे दुहेरी फार थोडे आहेत आणि कोऱ्या अवस्थेत हजारोंनी डॉलर मोजले जातात.

इथे नवखे सगळ्यात जास्त फसतात. ठसाच दुहेरी असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार, टोकाला फाकलेली दिसतात. छापताना यंत्र हललं असेल तर अक्षराशेजारी पायरीसारखी सपाट, चकाकती कड दिसते. तिला किंमत नाही. १९५५ चाच आणखी एक प्रकार आहे: झिजलेल्या ठशामुळे फक्त शेवटच्या ५ ला सावली पडलेली. त्याला अमेरिकेतले लोक 'गरिबाचा दुहेरी' म्हणतात आणि तो एखाद-दोन डॉलरलाच जातो. ऑनलाइन मात्र तोच अस्सल म्हणून खपवतात.

खांबांचा ढीग

यातले १९८२ आधीचे सेंट ९५ टक्के तांब्याचे, ३.११ ग्रॅम. १९८२ च्या मध्यात धातू बदलला: आत जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा, २.५ ग्रॅम. फरशीवर टाकून ऐका. तांब्याचा खणखणतो, जस्ताचा थड् करून बसतो. जस्ताच्या सेंटवर मुलाम्याखाली फोड येतात. ती टांकसाळीची दुर्मीळ चूक नव्हे, निव्वळ खराबी.

तांब्याच्या प्रत्येक सेंटमधला धातूच एका सेंटाहून जास्त किमतीचा आहे, म्हणून काहीजण पोती भरून ठेवतात. पण डिसेंबर २००६ पासून ते वितळवायला बंदी आहे. प्रवासातही खिशातून साधारणपणे पाच डॉलरचे, म्हणजे ५०० सेंटच बाहेर नेता येतात. भाचरांसाठी पुरेसे आहेत.

१९८२ चे तेवढे वजन करून बघा. 'डी' अक्षर, लहान तारीख आणि तांब्याचं वजन या तिन्ही गोष्टी एका नाण्यावर असतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण २०१६ साली असा एक सापडला. मोठ्या तारखेत २ चा पाया सरळ असतो, लहान तारखेत किंचित वळलेला.

दुसरं शोधायचं ते काट्यावर. 'अमेरिका' या शब्दातली ए आणि एम ही अक्षरं. १९९२ पर्यंत ती सुटी असतात, त्यानंतर जवळजवळ चिकटलेली. १९९२ आणि १९९२-डी मध्ये चिकटलेली दिसली तर ती पुढच्या वर्षीचा ठसा आधीच वापरल्याची चूक, आणि तिला मोठी किंमत येते. १९९८, १९९९ आणि २००० मध्ये याच्या उलट, सुटी अक्षरं शोधायची. त्यातही १९९९ चा जास्त मोलाचा, पण बहुतेक पाच ते पन्नास डॉलरच्या मधले. आज सुट्ट्या पैशांत खरंच सापडू शकेल अशी ही एक गोष्ट, म्हणून मुलांना कामाला लावा.

लिंकनच्या आधीचे

बरणीत हे क्वचितच. आजोबांच्या पेटीतून आलेच तर थांबून बघा. पिसांचा मुकुट घातलेला चेहरा म्हणजे 'इंडियन हेड', १८५९ ते १९०९. माझ्या एका आतेभावाला वाटलं होतं, भारताचं नाणं अमेरिकेत कसं! तो चेहरा खरं तर स्वातंत्र्यदेवीचा, डोक्यावर तिथल्या आदिवासींचा मुकुट. १८९० नंतरचे साधे दीड-दोन डॉलरला. पण १८७७ चा, ८,५२,५०० पाडलेला, झिजलेलाही चारशेच्या पुढे, आणि १९०९-एस, ३,०९,००० पाडलेला, तोही त्याच रांगेत. डोक्यावरच्या पट्टीतली 'लिबर्टी' ही अक्षरं मोजा. सगळी वाचता आली तर भाव बराच चढतो.

उडता गरुड असेल तर १८५७ किंवा १८५८, वीस-तीस डॉलरपासून. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा, जाडजूड तांब्याचा सेंट असेल तर तो १७९३ ते १८५७ मधला. १८४०-५० चे साधे वीस डॉलरला मिळतात. १७९३ चा निघाला तर हा लेख बंद करा आणि थेट लिलावघराला फोन करा.

अवस्था

एकाच साल-अक्षराचे दोन सेंट, एक पाच डॉलरचा, दुसरा पाचशेचा, असं रोज होतं. दर्जा १ ते ७० असा मोजतात. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या मोठ्या सेंटसाठीच काढली. ४ म्हणजे तारीख वाचता येते इतपत, ६० पासून पुढे म्हणजे कधी चलनात न फिरलेला. घरच्या घरी ओंब्यांकडे बघा. रेघा सगळ्या दिसतात का, की ओंबी गुळगुळीत झाली? नंतर लिंकनच्या गालाचं हाड बघा, झीज तिथेच आधी येते. कोऱ्या नाण्यात आणखी रंग मोजतात: तपकिरी, लाल-तपकिरी आणि लाल. टांकसाळीतला मूळ लाल रंग टिकला असेल तर किंमत कैकपटीनं वाढते, आणि म्हणूनच चिंच लावून आणलेला लाल लगेच पकडला जातो. हिरवट कळक धरली असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

विकताना

भाव बघायचा तो विकून झालेल्या नाण्यांचा. ईबेवर कुणीही साध्या सेंटपुढे दहा हजार लिहू शकतो. तिथल्या फिल्टरमध्ये 'विकलेले' निवडा, मग खरं चित्र दिसतं. किमतीच्या पुस्तकातला आकडा म्हणजे तुम्ही विकत घेताना मोजाल तो. दुकानदार त्याहून बराच कमी देणार, त्याचाही संसार आहे. दोन-तीन दुकानांत किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात दाखवा, पहिल्याच दुकानात देऊन टाकू नका.

पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्था नाणं तपासून दर्जा लिहून प्लास्टिकच्या बंद डबीत देतात. टपाल धरून नाण्यामागे बरेच डॉलर जातात, म्हणून दीड-दोनशेच्या आतल्या नाण्यासाठी हा खटाटोप नको. उलट १९०९-एस व्ही.डी.बी. किंवा १९१४-डी विकत घेत असाल तर अशा डबीतलाच घ्या.

भारतात राहणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, तेव्हा १८७७ चा सेंट पाकिटात घालून अमेरिकेतल्या भाच्याकडे धाडू नका. आणि 'तुमचं नाणं लाखात घेतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानं अशी फसवणूक होते, असा इशारा बँकेनं स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.

वेचून झालेले सेंट कागदी चौकटीत घाला, जाड पुठ्ठ्याच्या, मध्ये पारदर्शक खिडकी असलेल्या. मऊ, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यातला रस तांब्याला चिकटतो. चौकटीवर साल, अक्षर आणि कुठून आला ते पेन्सिलनं लिहा. उरलेले बरणीत परत. पन्नास-पन्नासचे रूळ करून बँकेत दिलेत तर पूर्ण पैसे मिळतात, सुपरमार्केटमधलं मोजणी यंत्र कमिशन कापून घेतं.